शब्द टाकताना: मोठी मागणी करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर

मागणी फसली की आपल्याकडे एकच निदान होतं: हिंमत कमी पडली. मला बहुतेक वेळा वेगळंच दिसतं. माणूस हिंमत गोळा करून जातो, पण ज्याच्या हातात निर्णय नाही त्याच्याकडे जातो, आकडा न ठरवता जातो, आणि मुद्द्यावर येण्याआधी वीस मिनिटं घरची परिस्थिती सांगत बसतो. समोरचा 'बघू' म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो.

इंदूरच्या मराठी घरांत ही अडचण जास्त जाणवते. रामबाग असो, लोकमान्यनगर असो की सुदामानगर, गोतावळा लहान आणि सगळे एकमेकांना ओळखणारे. कोणापुढे हात पसरायचा नाही, हे बाळकडू. त्यात बाहेरचा सगळा व्यवहार हिंदीत. पगारवाढ, थकलेलं बिल, घरभाड्यातली सवलत, मोठ्या माणसाचा थोडा वेळ, यातलं कितीतरी निव्वळ भिडेपोटी वर्षानुवर्षं राहून जातं. खालचा क्रम अशाच कामांसाठी आहे. टप्पे मागेपुढे करू नका, कारण बहुतेक घोटाळे क्रम उलटा झाल्यामुळेच होतात.

## टप्पा १: हक्क, सौदा की मेहेरबानी?

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. तोंड उघडण्याआधी ठरवा: जे मागायचं आहे ते समोरचा तुमचं देणं लागतो, की दोघांच्या फायद्याचा व्यवहार आहे, की समोरच्याने केवळ चांगुलपणाने करायची गोष्ट आहे? तिन्हींची भाषा वेगळी, कागद वेगळे, आणि 'नाही' ऐकल्यावरचं पुढचं पाऊलही वेगळं.

हक्क. समजा, तुमचा घरगुती मसाल्यांचा छोटा उद्योग आहे, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केलेली आहे आणि एका दुकानदाराकडे बिल अडकलंय. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि लेखी करार करूनही ती मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या हिशेबाने चक्रवाढ व्याज लागतं. हे माहीत असलेल्या बाईने "भाई साहब, थोड़ी मेहरबानी हो जाए" असं म्हणणं म्हणजे स्वतःचे पैसे उसने मागणं. नम्र राहा, पण उपकार मागितल्यासारखं बोलू नका.

सरकारी कचेरीतली माहितीही याच गटात येते. माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि उत्तर ३० दिवसांत यायला हवं. बँकेकडे लेखी तक्रार केली आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. हक्काच्या मागणीला अशी पुढची पायरी असते आणि ती आधी माहीत असली की आवाज आपोआप स्थिर होतो.

सौदा. पगार, भाडं, घाऊक भाव, उधारीची मुदत, कर्जाचा व्याजदर. इथे समोरच्यावर कायद्याचं बंधन नसतं, पण तुमच्याकडे त्याला हवं असलेलं काहीतरी असतं. ते नेमकं काय आहे, हे तुम्हाला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

मेहेरबानी. शिफारसपत्र, ओळख करून देणं, मार्गदर्शन, मंडळाच्या कार्यक्रमाला वक्ता म्हणून येणं, दोन संध्याकाळी नातीला सांभाळणं. इथे 'नाही' म्हणायची मोकळीक खरी असली पाहिजे.

> सावध: सर्वांत महाग पडणारी गल्लत म्हणजे हक्काची गोष्ट मेहेरबानीच्या सुरात मागणं. आणि नाती तोडणारी गल्लत म्हणजे मेहेरबानी हक्काच्या सुरात मागणं. "काकांनी एवढं तर करायलाच पाहिजे" असं मनात येत असेल, तर त्या दिवशी काकांकडे जाऊ नका.

## टप्पा २: मागणी एका वाक्यात लिहा

कागदावर लिहा, डोक्यात नको. वाक्यात तीन गोष्टी हव्यात: काय, किती आणि कधीपासून किंवा कधीपर्यंत.

"पगाराचं जरा बघा ना" ही मागणी होत नाही. "एप्रिलपासून माझा पगार २८,००० व्हावा" ही होते. "मुलीला अधूनमधून सांभाळाल का?" यावर सासूबाई काय उत्तर देणार? त्याऐवजी: "आई, मार्चअखेरपर्यंत मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेपाच ते सात तुम्ही तिला सांभाळाल का? मला क्लास लावायचा आहे." ही मोठी मागणी आहे, तरी तिला कडा आहेत. कुठे सुरू होते, कुठे संपते हे कळल्यावर माणसाला हो म्हणणं सोपं जातं.

आकडा स्वतःहून खाली आणू नका. ३,००० वाढ हवी असताना "ते एवढी देणार नाहीत" म्हणून मनातल्या मनात १,५०० वर येणं म्हणजे समोरच्याच्या वतीने आपणच घासाघीस करणं. ते काम त्यांचं आहे, त्यांना करू द्या. फुगवूनही सांगू नका. जो आकडा कारणासकट सांगता येतो, तोच लिहा.

आता इंदूरकरांसाठी खास गोष्ट: ज्या भाषेत मागायचं आहे, त्याच भाषेत वाक्य लिहा. घरी आपण मराठीत मनाची तयारी करतो आणि क्लासच्या संचालकांसमोर हिंदीत उभे राहतो. ऐनवेळी भाषा बदलताना वाक्य लांबतं, "अगर आपको दिक़्क़त न हो तो मैं सोच रही थी कि..." असं सुरू होतं आणि क्रियापदापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून हिंदीतच बसवा: "सर, अप्रैल से मेरी सैलरी अट्ठाईस हज़ार हो, इस पर बात करनी है।" एवढंच.

> तपासून पाहा: वाक्य घरातल्या कुणालाही वाचून दाखवा आणि विचारा, "मी काय मागतेय?" त्यांना आकडा आणि तारीख परत सांगता आली नाही, तर पुन्हा लिहा.

## टप्पा ३: 'हो' म्हणू शकणारा माणूस शोधा

ज्याला फक्त 'नाही' म्हणता येतं, त्याच्यापुढे मागणी मांडली की ती वाया जाते. बँकेत खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला व्याजदर बदलता येत नाही, शाखा व्यवस्थापक किंवा कर्ज विभागच ते प्रकरण पुढे पाठवू शकतो. दुकानात गादीवर मुलगा बसलेला असतो, पण उधारीची मुदत सेठजी ठरवतात. आधी साधा प्रश्न विचारा: "हा निर्णय कोण घेतं?" हे विचारायला कमीपणा वाटायचं कारण नाही.

सरकारी कामात हाच प्रश्न जास्त महत्त्वाचा. इंदूरच्या कलेक्टर कचेरीत मंगळवारी जनसुनवाई असते. तिथे सरळ जाता येतं, पण खालच्या कचेरीत दिलेल्या अर्जाची पोच हातात नसेल तर तुम्हाला पुन्हा तिकडेच पाठवलं जाण्याची शक्यता मोठी. आधी खाली लेखी अर्ज, पोच घ्यायची, थांबायचं आणि मग वर. १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तर मिळणारा क्रमांक त्याच फाईलमध्ये लावा.

आपल्याकडची खास चूक म्हणजे मध्यस्थ. "माझे मामा त्यांना चांगले ओळखतात, मामाच बोलतील." मामा बोलतात, पण त्यांच्या भाषेत, त्यांच्या सोयीने, लग्नाच्या पंगतीत. तुमचे २८,००० तिथे "मुलीचं जरा बघा" होऊन जातात. ओळखीचा उपयोग फक्त भेट ठरवण्यापुरता करा. मागणी स्वतःच्या तोंडाने करा.

## टप्पा ४: एक पान तयार ठेवा

सौद्याच्या आणि हक्काच्या मागणीला कागद लागतो, पण एकच पान. जाड फाईल कुणी उघडत नाही. त्या पानावर काय असावं, ते गृहकर्जाच्या उदाहरणाने सांगते, कारण ही मागणी कितीतरी घरांत केलीच जात नाही.

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बदलत्या दराची नवी गृहकर्जं बाह्य मानकाशी, बहुतेक ठिकाणी रेपो दराशी (ज्या दराने रिझर्व्ह बँक बँकांना पैसे देते), जोडावी लागतात. त्याआधीची अनेक कर्जं जुन्या पद्धतीवरच राहिली. ग्राहकाने अर्ज केला तर ती नव्या पद्धतीवर नेता येतात, आपोआप जात नाहीत. समजा, ३० लाख बाकी आहेत, १५ वर्षं उरली आहेत, तुमचा दर साडेनऊ टक्के आहे आणि त्याच बँकेत नव्या ग्राहकाला पावणेनऊ टक्क्यांनी कर्ज मिळतंय. हप्त्यात महिन्याला सुमारे १,३०० रुपयांचा फरक पडतो. १५ वर्षांत तो सुमारे २ लाख ४० हजार होतो.

तर पानावर चार ओळी: शिल्लक आणि उरलेली मुदत, आजचा दर, नव्या ग्राहकाला मिळणारा दर, आणि नेमकी मागणी. पाचवी गोष्ट पानावर लिहू नका, मनात ठेवा: इथे नाहीच जमलं तर तुम्ही काय करणार? व्यक्तीच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, म्हणून कर्ज दुसऱ्या बँकेत नेणं ही खरी वाट आहे. तिकडचं प्रक्रिया शुल्क आणि कायदेशीर खर्च वजा करून काय उरतं, ते आधी मांडून बघा. दुसरी वाट हातात असलेला माणूस धमकी देत नाही, त्याला गरजच पडत नाही.

पगारासाठी अशाच चार ओळी: गेल्या वर्षात वाढलेलं काम, त्याचा दिसणारा परिणाम, त्याच कामाला बाजारात मिळणारा मोबदला, तुमचा आकडा. घरभाडं वाढलं, मुलाची फी वाढली, हे या पानावर येत नाही. ते खरं आहे, पण मालक तुमच्या खर्चाचा नाही, तुमच्या कामाचा पगार देतो.

मेहेरबानीसाठीचं पान समोरच्याचे कष्ट वाचवण्यासाठी असतं. खंडवा रोडवर विद्यापीठाच्या तक्षशिला परिसरात तुमच्या जुन्या सरांकडे शिफारसपत्र मागायला जाताय? त्यांच्या हाताखाली केलेला प्रकल्प, मिळालेले गुण, कुठे अर्ज करताय आणि शेवटची तारीख, हे लिहून न्या. सरांना सगळं आठवत असेल ही अपेक्षा अन्यायाची आहे.

## टप्पा ५: वेळ आणि जागा

सियागंजात सकाळी बोहनी होण्याआधी उधारीचा विषय काढू नका. एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये दिवाळीच्या ऐन गर्दीत नवी मुदत मागितली तर सेठजी ऐकूनही घेणार नाहीत. हंगाम उतरल्यावर, दुपारच्या निवांत वेळी जा. भंवरकुआंच्या क्लासमध्ये शिकवत असाल तर नव्या बॅचचं वेळापत्रक ठरायच्या आधी बोला. एकदा तास वाटले गेले की तुमच्या मागणीसाठी सगळी घडी मोडावी लागते.

जागेचं एकच सांगते: चारचौघांत मागू नका. लोकांसमोर मिळालेला होकार बऱ्याचदा नंतर फिरतो आणि लोकांसमोर दिलेला नकार मागे घेणं कुणालाही जड जातं.

आणि शक्यतो समोर बसून बोला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या रोघानिझाद आणि बोन्स यांच्या प्रयोगात अनोळखी माणसांकडून प्रश्नावली भरून घ्यायची होती. तिथे समोरासमोर केलेली विनंती ई-मेलपेक्षा ३४ पट परिणामकारक ठरली. तुमच्या प्रकरणात हाच आकडा येईल असं नाही, पण व्हॉट्सॲपवर लांबलचक मजकूर पाठवून मोकळं होण्याचा मोह टाळायला एवढा पुरावा मला पुरेसा वाटतो. निरोप पाठवायचाच असेल तर भेटीची वेळ मागण्यापुरता पाठवा.

## टप्पा ६: लहान मागण्यांवर जीभ सोडवा

पहिली मागणी थेट पगाराची केली तर घसा कोरडा पडणारच. आठवडाभर रोज एक छोटी, पण *खरी* मागणी करा. बिलातली न समजलेली रक्कम समजावून मागा. बसमध्ये खिडकीची जागा बदलून मागा. शेजाऱ्यांना दुचाकी दोन हात बाजूला लावायला सांगा. ज्याची गरज नाही ते केवळ सरावासाठी मागून कामात असलेल्या माणसाचा वेळ खाऊ नका.

सरावाने एक अंदाज सुधारतो. लोक हो म्हणण्याची शक्यता आपण फार कमी धरतो. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हनेसा लेक यांच्या २००८ च्या अभ्यासात, पाच प्रश्नावल्या भरून घ्यायला सुमारे २० अनोळखी लोकांना विचारावं लागेल असं विनंती करणाऱ्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात सुमारे १० पुरले.

> सावध: याची दुसरी बाजूही आहे. समोरच्याला 'नाही' म्हणणं किती कठीण जातं, हेही आपल्याला कळत नाही. घरकामाच्या मावशी, हाताखालचा नवा मुलगा, तुमच्याकडे शिकणारी विद्यार्थिनी यांच्यावर धाडसी मागण्यांचा सराव करू नका. त्यांचा होकार हा होकार असेलच असं नाही.

## टप्पा ७: प्रत्यक्ष मागताना

क्रम असा: नमस्कार, मागणी, एक कारण, मग गप्प.

आपण नेमका उलटा क्रम लावतो. आधी चहा, मग तब्येत, मग महागाई, मग आजारपण आणि दारात चपला घालताना "अजून एक होतं..." तोवर समोरच्याला धास्ती बसलेली असते की हे काहीतरी भलतंच मागणार. पहिल्या दोन मिनिटांत मागणी करा. घरमालकांकडे:

"काका, भाड्याबद्दल बोलायला आले. या वर्षीची वाढ ५०० च ठेवावी अशी विनंती आहे. तीन वर्षांत भाडं एकदाही पाच तारखेपुढे गेलेलं नाही, आणि आम्हाला अजून दोन वर्षं राहायचं आहे."

थांबा. यापुढचं वाक्य काकांचं.

कारण एक, पण खरं. एलेन लँगर यांच्या १९७८ च्या प्रयोगात छायाप्रतीच्या रांगेत मध्ये घुसू देण्याची विनंती केली होती. पाचच पानं असताना नुसती विनंती ६० टक्के लोकांनी मानली, आणि सोबत कारण जोडलं तर ९४ टक्क्यांनी. पोकळ कारणही तितकंच चाललं. पण पानं २० झाल्यावर पोकळ कारणाने काहीच फरक पडला नाही, खऱ्या कारणाने पडला. मोठ्या मागणीला दम असलेलं कारण लागतं. पाच कारणं दिली तर समोरचा त्यातलं सगळ्यात लंगडं उचलतो आणि त्यावरच बोलतो.

शांतता भरू नका. मागितल्यावरची पाच-सात सेकंदं फार लांब वाटतात. तिथेच "नाही, म्हणजे एवढंच पाहिजे असं नाही, ७०० पण चालेल" असं तोंडातून निघतं. काका कदाचित ५०० ला हो म्हणणारच होते. हाताशी पाण्याचा पेला असेल तर एक घोट घ्या, पण बोलू नका.

मोकळीक कुठे द्यायची? "तुम्हाला नाही म्हणायची पूर्ण मोकळीक आहे" हे वाक्य मेहेरबानी मागताना जरूर म्हणा. समोरच्याचा ताण उतरतो. सौद्यात त्याची गरज नसते. हक्काच्या मागणीत ते म्हणू नका.

## टप्पा ८: आलेलं उत्तर हाताळा

'हो' आलं: आभार माना, तारीख पक्की करा आणि विषय थांबवा. होकार मिळाल्यावरही पटवत राहणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या ओघात एखादी नवी शंका त्यांच्याच तोंडून बाहेर पडते. त्याच संध्याकाळी दोन ओळींचा निरोप पाठवा: "आज ठरल्याप्रमाणे एप्रिलपासून २८,०००. धन्यवाद." हा निरोप हीच तुमची नोंद.

'नाही' आलं: "ठीक आहे" म्हणून लगेच उठू नका. एक प्रश्न विचारा: "यातलं काय अडतंय, रक्कम की वेळ?" पुष्कळदा नकार मागणीच्या एखाद्या भागालाच असतो. एप्रिलला जमत नसेल पण जुलैत जमत असेल, तर तो नकार नव्हता. दुसरा पर्याय घरूनच ठरवून न्या, तिथे बसून शोधू नका. त्यावरही नाही आलं तर आभार मानून निघा. त्याच बैठकीत तिसऱ्यांदा मागणं म्हणजे गळ्यात पडणं.

'बघू' आलं: सर्वाधिक वेळा हेच येतं. घरी 'बघू', बाजारात "देख लेंगे भिया", ऑफिसात "ध्यान में है". यात होकार नाही आणि नकारही नाही. समोरच्याला आत्ता ठरवायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याला तारीख जोडा: "चालेल सर, मी पुढच्या सोमवारी येऊ की बुधवारी?" दोनपैकी एक दिवस निवडणं सोपं असतं. वर्षभर 'बघू'च्या भरवशावर बसलेली माणसं ही एक ओळ न विचारल्यामुळे बसलेली असतात.

> तपासून पाहा: भेटीतून बाहेर पडल्यावर तुम्हाला "आता पुढे काय आणि कधी?" याचं उत्तर सांगता येतंय का? येत नसेल तर भेट अजून पूर्ण झालेली नाही. परत आत जाऊन एवढंच विचारून या.

## टप्पा ९: पाठपुरावा

ठरलेल्या दिवशी जा. "त्यांच्या लक्षात असेलच" असं म्हणून घरी बसू नका, आणि त्या दिवसाआधी रोज विचारूही नका. उल्लेख छोटा ठेवा: "सर, आज बुधवार, आपण बोलणार होतो." सगळी कहाणी पुन्हा सांगू नका.

किती वेळा जायचं, हे पहिल्या टप्प्यावरून ठरतं. हक्क असेल तर मिळेपर्यंत, दर वेळी लेखी, दर वेळी एक पायरी वर. सौद्यात दोनदा 'बघू' ऐकल्यावर दुसरी वाट धरायला लागा. मेहेरबानीत एकदाच आठवण करा, तीही आडवळणाने नाही. तिसरा निरोप गेला की समोरचा तुम्हाला टाळायला लागतो, आणि इथे नातं मागणीपेक्षा मोठं असतं.

मेहेरबानीचं एक काम हमखास राहून जातं. सरांनी शिफारसपत्र दिलं, प्रवेश दुसऱ्याच ठिकाणी मिळाला किंवा मिळालाच नाही, आणि लाजेपोटी कळवलंच नाही. दोन वर्षांनी पुन्हा त्याच दारात उभं राहताना पाय अडखळतात. निकाल काहीही लागो, लागल्याच्या आठवड्यात फोन करा: "सर, तिथे झालं नाही, पण तुम्ही पत्र वेळेत दिलंत म्हणून अर्ज तरी करता आला. आता अमुक ठिकाणी करतोय." एवढं बोलायला एक मिनिट लागतं.